हप्त्यांची चिंता आणि आईवडिलांचं मन: डॉक्टरांनी पैशाबद्दल विचारावं का?



दवाखान्यात आम्ही डॉक्टर तुम्हाला बरंच काही विचारतो. भूक लागते का, पोट साफ होतं का, झोप कशी आहे, तंबाखू खाता का, दारू किती घेता. पाळीबद्दल विचारतो, नवराबायकोच्या संबंधांबद्दलही विचारतो. यातलं काही विचारताना आम्हाला संकोच वाटत नाही, आणि सवयीने तुम्हालाही वाटत नाही.

एक प्रश्न मात्र मी प्रॅक्टिसची पहिली वीस वर्षं कुणालाच विचारला नाही. "घरात पैशाचं कसं चाललंय?" मला वाटायचं, हा काही वैद्यकीय प्रश्न नाही. शिवाय समोरच्याला वाटेल, डॉक्टर आपली फी द्यायची ऐपत तपासतोय. आता माझं मत बदललंय. लहान किंवा शिकती मुलं असलेल्या आईवडिलांना तर हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि विचारून झाल्यावर त्यांना कुणाकडे तरी पाठवताही यायला हवं, असं मला वाटतं. का वाटतं, ते आज सांगतो.

पासलीची एक ताई

वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली लागतं. तोरण्याच्या मागच्या अंगाचा हा डोंगराळ मुलूख. पाऊस भरपूर, शेती मुख्यतः भाताची आणि वरकस जमिनीवर नाचणीची. भात निघाला की वर्षाचा एकरकमी पैसा हातात येतो, आणि पुढचे महिने तो पुरवायचा असतो. घरटी एखाददुसरा माणूस पुण्याला किंवा मुंबईला कामाला. त्या भागातले बरेच पेशंट माझ्याकडे येतात आणि अधूनमधून तपासणीच्या निमित्ताने मीही तिकडे जातो.

तिथल्या एका वाडीतली ही ताई. वय चौतिशीचं. (ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत आणि तिच्या परवानगीने लिहितो आहे.) नवरा पुण्यात एका गोदामात कामाला, पंधरा दिवसांनी घरी येतो. मुलगी नर्सिंगच्या कोर्सला पुण्यात होस्टेलवर, मुलगा आठवीत. तक्रार एकच, छातीत धडधडतं, डोकं दुखतं आणि झोप लागत नाही.

ईसीजी काढला, नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. बीपी मात्र १५०-९६. महिन्याने पुन्हा तपासलं, तेवढंच. मी बीपीची गोळी सुरू केली. पुढच्या महिन्यातही बीपी खाली आलं नाही, मी डोस वाढवला. त्याच्या पुढच्या वेळी तिने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की निम्म्या गोळ्या तशाच आहेत.

"ताई, गोळ्या रोज घेत नाही का?"

"एक दिवसाआड घेते, डॉक्टर. म्हंजे दोन महिने पुरतात."

म्हणजे मी डोस वाढवत होतो आणि ती तो परवडावा म्हणून निम्मा करत होती. चूक तिची नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "घरात पैशाचं कसं चाललंय?" ती काही बोलली नाही. पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, "सोमवारी एका कंपनीचा माणूस येतो, गुरुवारी दुसऱ्या. बुधवारी रात्रीपासूनच धडधड सुरू होते."

आम्ही मोजायला बसलो. बचत गटाचं कर्ज, दोन मायक्रोफायनान्स कंपन्या, बँकेत मंगळसूत्रावर सोनेतारण, किराणा दुकानाची उधारी आणि नणंदेकडून हातउसने घेतलेले पैसे. एकूण सहा ठिकाणचं देणं. यातली दोन देणी नवऱ्याला ठाऊकच नव्हती. मुलीची फी आणि होस्टेल भरताना एका कर्जाचा हप्ता फेडायला दुसरं काढलं होतं. "एकूण किती?" म्हटल्यावर ती म्हणाली, "अडीच-तीन लाख तरी असंल." खरा आकडा तिने कधी मांडलाच नव्हता. मांडायची भीती वाटत होती.

पैशाची चिंता शरीरात काय करते?

धोका समोर आला की शरीर अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, लक्ष त्या धोक्यावर खिळतं. वाघ समोर असेल तर हे उपयोगाचं आहे, कारण पाच मिनिटांत एकतर आपण वाचतो किंवा नाही. हप्त्याचं तसं नसतं. वसुलीवाला गुरुवारी येऊन गेला की पुढचा सोमवार उभाच असतो. शरीर आठवड्यानुआठवडे धोक्याच्या तयारीत राहतं. त्यातून झोप मोडते, चिडचिड वाढते, पोट बिघडतं, डोकं दुखतं, आधीपासून असलेली शुगर किंवा बीपी हाताबाहेर जातं. सगळ्यांचंच बीपी ताणामुळे वाढतं असं मी म्हणत नाही. पण ज्याला झोप नाही आणि जो गोळ्या वाचवतो आहे, त्याचं बीपी केवळ डोस वाढवून ताब्यात येत नाही, हे मी नक्की सांगतो.

दुसरा परिणाम विचार करण्याच्या ताकदीवर होतो. याबाबतचा एक गाजलेला अभ्यास आपल्या शेजारचाच आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची संशोधकांनी दोनदा चाचणी घेतली, एकदा ऊस तुटण्याआधी हात तंग असताना आणि एकदा उसाचा पैसा आल्यानंतर. शेतकरी तेच, डोकं तेच. तरीही तंगीच्या काळात बुद्धीच्या चाचण्यांमध्ये त्यांचे गुण लक्षणीय कमी होते. हा अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. अर्थ सरळ आहे. पैशाची विवंचना डोक्यातली जागा व्यापते. भरलेल्या एसटीसारखं होतं, सगळ्या सीटांवर हप्ते बसलेले. मग गोळीची वेळ, मुलाची पालकसभा, बाळाच्या लसीची तारीख यांना उभं राहायलाही जागा उरत नाही.

म्हणून "हिला कळत कसं नाही, एका कर्जासाठी दुसरं काढते?" असं म्हणण्याआधी थांबा. कळण्यासाठी लागणारी डोक्यातली जागाच त्या कर्जाने खाल्लेली असते.

आईवडिलांवर हा भार जास्त का पडतो?

एकटा माणूस खर्च पुढे ढकलू शकतो. आईबापाला ढकलता येत नाही. फीची तारीख ठरलेली, बाळाचं दूध रोजचं, पोरीचं लग्न समाजाच्या डोळ्यासमोर. शिवाय पालकांच्या ताणाला लाज चिकटलेली असते. "आपण पोरांसाठी कमी पडतोय" हे वाक्य मी बापांकडून जितक्या वेळा ऐकलंय, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. बहुतेक वेळा ते दुसऱ्याच कुठल्या दुखण्यासाठी आलेले असतात आणि उठताना दाराशी हे बोलून जातात.

बाळंतिणींच्या बाबतीत तर याची नोंद आपल्याच भागात झाली आहे. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के आयांना नैराश्य होतं, म्हणजे जवळपास चारातल्या एकीला. घरची आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही त्यामागची ठळक कारणं होती. मुलगी झाली म्हणूनही काहींचा त्रास वाढला होता. "बाळंतीण आहे, रडते थोडी" असं म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातल्या कितीतरी जणींना उपचाराची गरज असते.

आणि मुलांना सगळं कळतं. आकडा कळत नाही, पण दारात मोटारसायकल थांबली की आई मागच्या दाराने का जाते, हे आठवीतल्या पोराला बरोबर कळतं.

आर्थिक मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय?

अलीकडे याला 'फायनान्शियल कोचिंग' म्हणतात. शब्द शहरी वाटतो, काम साधं आहे. एक जाणकार, विश्वासाचा माणूस तुमच्याबरोबर बसतो. तुमची मिळकत, खर्च आणि देणी कागदावर मांडायला मदत करतो. पुढच्या महिन्यात कोणती एक-दोन पावलं उचलायची, ते तुम्हीच ठरवता. महिन्याने तो पुन्हा येतो आणि काय जमलं, काय नाही, हे पाहतो. असं काही महिने चालतं.

काय नव्हे, तेही सांगतो. सभागृहात शंभर बायकांना बसवून "बचत करा" असं सांगणारं भाषण म्हणजे मार्गदर्शन नव्हे. विमा किंवा गुंतवणुकीची योजना विकणाऱ्या एजंटाचा सल्लाही नव्हे, कारण त्याचं कमिशन तुमच्या सहीवर अवलंबून असतं. मोबाइलवर "तीन महिन्यांत पैसे दुप्पट" सांगणारे तर सरळ फसवणारे. साधी कसोटी लक्षात ठेवा. जो तुम्हाला काहीही विकत नाही आणि महिन्याने पुन्हा येतो, तोच मार्गदर्शक.

अशी माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही. राज्यात 'माविम' म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे. 'उमेद' अभियानामुळे गावोगावी बचत गट उभे राहिले आणि गटांबरोबर काम करणाऱ्या सख्या तयार झाल्या. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. दिवसाची मजुरी सोडून बँकेत येणं बायकांना परवडत नाही हे ओळखून बँकच त्यांच्या दारापर्यंत गेली आणि पुढे संस्थेने ग्रामीण स्त्रियांना व्यवहार शिकवणारी शाळाही काढली. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की या बायकांना कुणी "तुम्हाला कळत नाही" असं म्हटलं नाही. त्यांचा हिशोब त्यांच्यासमोर मांडला.

त्या ताईचं पुढे काय झालं?

मी तिला झोपेची गोळी दिली नाही. बीपीची गोळी बदलून स्वस्तातली जेनेरिक दिली आणि रोज घ्यायला सांगितली. मग तिच्याच गटाशी संबंधित असलेल्या, बँकेची कामं जाणणाऱ्या एका बाईंना तिच्या संमतीने फोन केला. त्या पुढचे पाच महिने, महिन्यातून एकदा तिच्याकडे जाऊन बसल्या.

पहिल्याच बैठकीत कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहाही देणी लिहून काढली. गट २२ हजार, पहिली कंपनी ३१ हजार, दुसरी १८ हजार, सोनेतारण ४५ हजार, दुकान ७ हजार, नणंद १५ हजार. बेरीज आली १ लाख ३८ हजार. ती मला नंतर म्हणाली, "आकडा बघून आधी रडू आलं, मग त्या रात्री झोप लागली. माझ्या डोक्यात याच्या दुप्पट होतं."

दुसरी गोष्ट अवघड होती, नवऱ्याला सांगणं. तो चिडला. चार दिवस बोलला नाही. या काळात मी तिला दोनदा फोन केला, कारण अशा वेळी माणूस एकटं पडू नये. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच सांगितलं, गोदामातल्या एका सहकाऱ्याकडून त्यानेही ८ हजार घेतले होते. दोघंही एकमेकांपासून लपवत होते आणि दोघांनाही झोप नव्हती.

भात विकल्यावर आधी दुकानाची उधारी संपवली, मग १८ हजारांची कंपनी पूर्ण बंद केली. गुरुवारचा माणूस यायचा थांबला. पाच महिन्यांनी देणं संपलं नव्हतं, अजून जवळपास लाखभर बाकी होतं. मंगळसूत्र बँकेतच होतं. पण बीपी १३२-८४ वर आलं होतं आणि ती रात्री सहा तास झोपत होती. श्रेय एकट्या मार्गदर्शनाचं नाही. ती गोळी रोज घेऊ लागली होती, हे त्यात मोठं कारण. पण गोळी रोज घेणं कशामुळे जमलं, हाही प्रश्न विचारा.

इथे सिंगापूरचा एक अभ्यास आठवतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमी उत्पन्नाच्या १९६ कर्जदारांची देणी एका संस्थेच्या मदतीने फेडली गेली. त्यांची चिंता कमी झाली, विचारक्षमता सुधारली. विशेष म्हणजे, किती रुपये फिटले यापेक्षा किती खाती बंद झाली, याचा परिणाम जास्त दिसला. आपल्या ताईची गोष्ट तीच. हिशोबाच्या दृष्टीने जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडावं, हे बरोबरच आहे. पण व्याजात फार फरक नसेल तर छोटं खातं आधी पूर्ण मिटवा. मनावरचा एक दरवाजा कायमचा बंद होतो.

लॉस एंजेलिसमध्ये तर असे मार्गदर्शक बाळांच्या दवाखान्यातच बसवून पाहिले. बाळाच्या नियमित तपासणीला आलेल्या गरीब घरच्या पालकांना तिथेच आर्थिक मार्गदर्शन दिलं. ज्यांना ते मिळालं, त्यांच्या बाळांच्या चुकलेल्या तपासण्या इतरांच्या साधारण निम्म्या होत्या. हा अभ्यास २०२३ साली आला. तो लहान आहे, पालक-बाळाच्या ८१ जोड्यांचा, आणि त्यात मोजल्या त्या तपासण्या. एवढ्यावर फार मोठे दावे करू नयेत. पण पैशाचा गुंता सुटायला लागला की आईवडील बाळाकडे वळतात, हे माझ्या अनुभवाशी जुळतं.

"पैसाच नाही, तर नियोजन कसलं करायचं?"

हा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो आणि तो खरा आहे. मार्गदर्शनाने भाताचा भाव वाढत नाही की नोकरी मिळत नाही. गरिबी हा गरिबाच्या अडाणीपणाचा परिणाम आहे, असं जर कुणी या निमित्ताने सांगू लागलं, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. "अंथरूण पाहून पाय पसरावे" हे ठीक, पण अंथरूणच गुडघ्यापर्यंत असेल तर माणसाने पाय कुठे ठेवायचे?

याच भागातला एक बाप माझा पेशंट आहे. वय अठ्ठेचाळीस. पुण्याच्या लोकांनी या डोंगरात फार्महाऊससाठी जमिनी घेतल्या, तेव्हा त्यानेही विकली. आयुष्यात कधी न पाहिलेली रक्कम एकदम हातात आली. घर बांधलं, पिकअप घेतली, थोरलीचं लग्न थाटात केलं, भावकीला उसने दिले. तीन-चार वर्षांत पैसा संपला. आज तो ज्या बंगल्यावर राखणदार आहे, तो त्याच्याच जुन्या खाचरात उभा आहे. माझ्याकडे आला तो लिव्हरला सूज घेऊन. दारूबद्दल विचारलं तर म्हणाला, "डॉक्टर, रात्री फाटक लावताना जमीन दिसते."

त्याच्या नैराश्यावर उपचार चालू आहेत. पण मार्गदर्शक आज त्याच्या शेजारी बसून काय करणार? गेलेली जमीन कुठलंही कोचिंग परत आणत नाही. माणूस हवा होता तो विक्रीच्या कागदावर सही करायच्या आधी, किमान रक्कम खात्यात जमा झाली त्या आठवड्यात. म्हणून माझं म्हणणं आहे की मार्गदर्शन वेळेवर मिळालं पाहिजे. घरात मूल येतं तेव्हा, मूल दहावी-बारावीला जातं तेव्हा, लग्न ठरतं तेव्हा, जमीन विकायचं बोलणं सुरू होतं तेव्हा.

तुम्ही घरी काय करू शकता?

१. सगळी देणी एका कागदावर लिहा. कुणाचे, किती बाकी, व्याज किती, हप्ता कधी. हातउसनेही लिहा. बेरीज करा. हे दिवसा करा, रात्री झोपताना नको.

२. जोडीदाराला सांगा. अवघड वाटत असेल तर विश्वासातलं तिसरं माणूस समोर ठेवा. मारहाणीची भीती असेल तर आधी सुरक्षित आधार बघा, मग सांगा.

३. नवं कर्ज काढून जुना हप्ता भरणं थांबवा. त्याआधी बँकेत किंवा कंपनीत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळेल का, हे विचारा.

४. नियम जाणून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ चालत नाही. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील असं नवं कर्ज त्यांनी देऊ नये, असंही त्यात आहे. बँक किंवा कंपनीने तक्रार ऐकली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे.

५. सावकारीला राज्यात परवाना लागतो. २०१४ च्या कायद्यानंतर शेतकऱ्याला परवानाधारक सावकार वर्षाला तारणावर ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावू शकत नाही. महिन्याला दहा टक्के घेणारा कायद्याबाहेर आहे. तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात तक्रार करता येते.

६. स्वस्त पैसा आधी वापरा. शेतकरी असाल तर विकास सोसायटीचं पीक कर्ज वेळेत फेडल्यास ३ लाखांपर्यंत व्याज पडत नाही. अपघात विम्याची सरकारी योजना वर्षाला २० रुपयांत आणि जीवन विम्याची ४३६ रुपयांत आहे, प्रत्येकी २ लाखांची. दवाखान्याच्या मोठ्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचा आजार बसतो का, हे दाखल होतानाच विचारा.

७. औषध परस्पर कमी करू नका. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. स्वस्त पर्याय बहुतेक वेळा असतो. सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात. हे सांगण्यात कमीपणा नाही. न सांगण्यात धोका आहे.

केवळ हिशोबाने भागणार नाही, हे कसं ओळखायचं?

स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा हताश वाटलं का? ज्या गोष्टी आवडायच्या, त्यातला रस गेला आहे का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर डॉक्टरांना भेटा. जोडीला झोप-भूक बिघडली असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, दारू वाढली असेल, तर लवकर भेटा. नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे आणि कर्ज फिटेपर्यंत त्याच्या उपचारासाठी थांबायची गरज नसते.

आणि "माझ्या मागे पोरांचं कर्ज तरी सुटेल" किंवा "मी नसलेलंच बरं" असा विचार मनात येत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा. टेली-मानस हा सरकारी मोफत फोन १४४१६ रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरातल्या कुणी असं बोलून दाखवलं तर "असं बोलू नये" म्हणून विषय बदलू नका. जवळ बसा, ऐका, कीटकनाशकाचा डबा घरातून हलवा आणि त्यांना एकटं सोडू नका.

माझं म्हणणं

लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात गावोगावच्या आया येतात. आशाताई तिथे असतात, नर्स असतात, वजनकाटा असतो. त्याच दिवशी तिथे एक खुर्ची बचत गटाच्या किंवा बँकेच्या जाणत्या सखीसाठी ठेवावी. बाळाचं वजन झालं की ज्या आईला हवं असेल तिने दहा मिनिटं तिथे बसावं. सखीला या कामाचं रीतसर मानधन द्यावं, सेवाभावावर सोडू नये. कुणाचं देणं किती, हे त्या खुर्चीबाहेर जाता कामा नये, कारण छोट्या गावात गुपित फुटलं तर दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची रिकामी राहील. आणि जिला आर्थिक गुंत्यापलीकडे मनाचा आजार दिसतो, तिला सखीने त्याच केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवावं.

आम्हा डॉक्टरांनीही बदलायला हवं. बीपी दोनदा चढं आलं की डोस वाढवण्याआधी एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. मला तो सुचायला वीस वर्षं लागली.

तुम्ही पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, तेव्हा डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. तक्रारी सांगताना शेवटी एवढं सांगा, "डॉक्टर, घरात पैशाची ओढाताण आहे." आमच्या दृष्टीने ती झोप आणि भुकेइतकीच उपयोगाची माहिती आहे.

ती ताई गेल्या महिन्यात आली होती. आता तीन देणी उरली आहेत. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. जाताना तिने पिशवीतून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून दाखवलं. महिना संपला होता, आणि गोळ्याही.

काळजी घ्या.